उजवीकडे उंच

कॅपची कड हिरडीला जिथे टेकणार होती तिथे केसाएवढी फट होती. भिंगाखाली धरली तरच दिसणारी, आणि तीही फक्त ओठाच्या बाजूने. जिभेच्या बाजूची कड नीट बसली होती. मुंगीने कॅप प्लास्टरच्या दातावरून काढली, ब्रशने पुसली, पुन्हा बसवली. फट तिथेच होती. एवढ्या फटीत अन्नाचा कण जात नाही. लाळ जाते, आणि लाळेबरोबर जे जातं ते आतला खरा दात सावकाश पोखरत राहतं. ज्याच्या तोंडात ही कॅप बसणार होती त्याला काही वर्षं काहीच कळलं नसतं.

कॅप बाबांनी सकाळी पुरी केली होती. आता जेवणं आटोपली होती आणि मागच्या खोलीतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे लॅब. दंतवैद्यांकडून रुग्णांच्या दातांची मापं इथे यायची आणि इथून कॅप आणि कवळ्या तयार होऊन जायच्या. मुंगीने बाबांची कॅप आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि त्याच प्लास्टरच्या दातावर नव्याने मेण चढवायला घेतलं. बाबा उठायच्या आत मेणकाम झालं, तर पुढचं लॅबमधला भट्टीवाला बघून घ्यायचा.

"परत?" पॉलिशच्या चाकापाशी बसलेली आत्या म्हणाली.

"पुढचा दात आहे."

"मी काही म्हटलं का?"

"परत म्हणालीस."

"परत म्हणजे परत. त्यात म्हणण्यासारखं काय आहे?" आत्याने चाक सुरू केलं. त्या आवाजात पुढचं बोलणं शक्य नव्हतं, आणि बहुधा त्यासाठीच सुरू केलं होतं.

मुंगी हे नाव तिला आत्यानेच लहानपणी ठेवलं होतं आणि चाळिशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती बाबांच्या शेजारच्या टेबलाशी बसली त्या आठवड्यातच बाबांनी तिला एक गोष्ट सांगून ठेवली होती. ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्या मास्तरांचा हात म्हातारपणी थरथरायला लागला होता. कोणी त्यांना सांगितलं नाही. शिकाऊ पोरं त्यांच्या कवळ्या मागच्या खोलीत नेऊन सारख्या करत आणि बाहेर चहाच्या टपरीवर त्यांची नक्कल करत. "माझा हात गेला की तू सांगायचंस," बाबा म्हणाले होते. "आडून नाही, तोंडावर. मी त्याच दिवशी खुर्चीवरून उठेन." ती हो म्हणाली होती. तेव्हा हो म्हणणं सोपं होतं. बाबांचा हात इतका स्थिर होता की पोर्सेलीनचा ओला थर ब्रशने चढवताना ते गप्पा मारत.

थरथर सुरू होऊन आता दोनेक वर्षं झाली होती. चहाचा कप काठोकाठ भरलेला नसला तर ती ध्यानातही येत नसे. हात जितकं बारीक काम करू पाही, तितकी ती वाढे. मुंगीने पहिली कॅप गुपचूप नव्याने केली तेव्हा ही एकदाचीच गोष्ट आहे असं तिने धरलं होतं. मग दुसरी केली. बाबांच्या हातची एकही कॅप दंतवैद्यांकडून परत येईना. यातून निष्कर्ष दोन निघू शकत होते. बाबांनी त्यांतला त्यांना दिसणारा काढला.

*

लॅबमध्ये वर्षाचा पहिला दिवस मापाचा असे. ही पद्धत योजून सुरू झाली नव्हती. लॅब उघडली तो दिवस पहिल्या जानेवारीचा होता, काम घेऊन कोणी फिरकलं नव्हतं, आणि माप घ्यायच्या पावडरचा डबा मात्र फोडून ठेवलेला होता. वाया जाऊ नये म्हणून बाबांनी घरच्यांचीच मापं घेतली. पावडर पाण्यात कालवली की गुलाबी लगदा होतो, तो ट्रेमध्ये भरून दातांवर दाबून धरायचा आणि घट्ट होईपर्यंत थांबायचं. आधी वरचा जबडा, मग खालचा. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही. बोलता येत नाही तेव्हाच माणूस खरं काय ते ठरवतो, असं बाबांचं म्हणणं. म्हणून नियम झाला: दुसरा ट्रे निघाला की तोंडातून पहिलं वाक्य निघायचं ते नव्या वर्षाच्या संकल्पाचं, आणि त्याची सुरुवात "या वर्षी मी" अशी.

यंदा पहिला नंबर भट्टीवाल्याचा होता. भट्टी, धातू आणि बाकी जे काही तापतं ते त्याच्याकडे असे. ट्रे निघताच तो म्हणाला, "या वर्षी मी सिगारेट सोडणार."

"कुठे सोडणार ते सांग," आत्या म्हणाली. "मागच्या वर्षी गच्चीवर सोडली होतीस. कुंडीत थोटकं सापडली मला."

"ती जुनी होती, आत्याबाई."

"ओली होती."

आत्याला स्वतःचा एकही दात उरला नव्हता. तिची कवळी बाबांनी केलेली, त्यांच्या चांगल्या दिवसांतली. "माझं कशाला घेतोस दादा, माझ्या तोंडात वर्षभरात काय उगवणार?" असं ती दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी कवळी काढून हिरड्यांचं माप देई. कवळी पुन्हा बसवून तिने ओठ पुसले. "या वर्षी मी कोणाच्या मधे बोलणार नाही."

भट्टीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. आत्याने त्याला पाणी दिलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. निदान त्या क्षणापुरता तरी संकल्प चालू झाला होता.

मग मुंगी बसली. तिच्या संकल्पांचा घरात लौकिक होता, कारण ते पुरे होत. पोहायला शिकेन म्हणाली, शिकली. जिन्याने येईन-जाईन म्हणाली आणि तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला ते अवघड असूनही बँकेचे, दवाखान्यांचे जिने चढून तिने ते पाळलं. एक परकी भाषा शिकली, जी बोलायला आसपास कोणी नव्हतं. ती मोठ्या गोष्टीचे लहान तुकडे करी, एकेक तुकडा ठरल्या वेळी उरकी, आणि झालेल्याचा गाजावाजा करत नसे. ही रीत कुठल्याही कामाला लागू पडते असं तिचं निरीक्षण होतं. एकाच कामाला ती लावता आली नव्हती, कारण त्याचे तुकडे होत नव्हते. ते एक वाक्य होतं. अर्धं बोलून उरलेलं फेब्रुवारीत बोलता आलं नसतं.

बाबांनी ट्रे तिच्या वरच्या दातांवर दाबून धरला. हाड आवाज हवेपेक्षा चांगला वाहून नेतं; हालचालही. बाहेरून पाहणाऱ्याला बाबांचा हात स्थिर दिसला असता. तिला मात्र ती थरथर दातांमधून थेट कानांच्या मागे जाणवत होती, लांबवर चालू असलेल्या एखाद्या मोटारीसारखी. तिने डोळे मिटून घेतले. वाक्य तिच्याकडे तयार होतं. गेल्या वर्षीही याच खुर्चीवर तयार होतं. खालचा ट्रे बसला, लगदा घट्ट झाला, ट्रे निघाला.

"या वर्षी मी," ती म्हणाली, आणि बाबा वाट पाहत होते. त्यांच्या बोटांवर गुलाबी लगदा वाळला होता. "साखर सोडणार."

"तू चहात साखर घेतेस कधी?" आत्या म्हणाली.

"बाहेरचं गोड."

"तेही घेत नाहीस. मी आपलं विचारते. मधे बोलत नाहीये."

शेवटी बाबांचं माप आत्याने घेतलं. तोंड धुऊन आल्यावर ते टॉवेलने मिशा पुसत म्हणाले, "या वर्षी मी पुढचे दात सगळे स्वतः करणार. मुंगीकडचेही. दोन वर्षांत माझी एक कॅप परत आलेली नाही. म्हटलं, आहे हातात जोर तोवर करून घ्यावं."

भट्टीवाला भट्टीकडे बघू लागला. भट्टी बंद होती.

*

मापांत ओतलेलं प्लास्टर सुकल्यावर बाबा सगळ्यांचे साचे मागच्या वर्षीच्या साच्यांशेजारी ठेवून बघत. हा त्यांचा आवडता उद्योग. लोक जसे हात पाहतात तसे ते दात पाहत, फक्त त्यांचं सांगणं खरं निघे. भट्टीवाला उजवीकडूनच चावतो, म्हणजे डावीकडे काहीतरी दुखतंय आणि तो सांगत नाहीये, हे त्यांनी एकदा असंच ओळखलं होतं.

मुंगीचा साचा त्यांनी खिडकीपाशी नेला. भिंग डोळ्याला लावलं.

"तू झोपेत दात खातेस," ते म्हणाले.

"नाही."

"झोपेतलं तुला काय कळणार? हे बघ." दाढांची टोकं, जी मागच्या वर्षी डोंगरासारखी होती, ती सपाट झाली होती. सुळ्याच्या टोकाला लहानसं चकचकीत मैदान तयार झालं होतं. "एका वर्षात एवढं. माणूस दिवसा जे गिळतो ते रात्री चावत बसतो. काय गिळते आहेस?"

"काही नाही."

"साखर तर नाहीच," आत्या म्हणाली.

बाबांनी साचा खाली ठेवला. "दातांवर बसवायचा गार्ड करून देतो. रात्री लावून झोपत जा. नाहीतर पन्नाशीत तुलाही हिच्यासारखी कवळी करावी लागेल."

"कवळी वाईट आहे का माझी?"

"तुझी कवळी मी केलेली आहे. वाईट कशी असेल?"

गार्ड लगेच झाला नाही, कारण बाबा आपल्या संकल्पाला लागले होते. ते सकाळी लवकर टेबलाशी बसू लागले. दुपारची झोप त्यांनी कमी केली, आणि मुंगीपुढे साधीच अडचण उभी राहिली. काम वाढलं होतं, ते नव्याने करायचा वेळ घटला होता. आधी ती फट असलेली प्रत्येक कॅप बदलत असे. आता जास्त फट असलेल्याच बदलू लागली. कमी फट कशाला म्हणायचं ही रेषा तिने मनाशी आखली होती, आणि ती रेषा आठवड्या-आठवड्याला सरकत होती. विज्ञानात अशा रेषेला काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं. सरकत्या रेषेला रेषा म्हणत नाहीत.

"ताई, एकाच दाताला भट्टी दोनदा लागते," भट्टीवाला एकदा हलक्या आवाजात म्हणाला. "माझं काही नाही. पण मालक विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

"विचारलं का त्यांनी?"

"काल म्हणाले, एवढा वेळ भट्टी का गरम? मी म्हटलं थंडी आहे."

"मग?"

"मग काही नाही. हात शेकून गेले."

आत्या पॉलिश करता करता मान खाली घालून म्हणाली, "माझा संकल्प आहे, म्हणून मी गप्प आहे. एरवी मी केव्हाच सांगितलं असतं की हे त्याला तुझ्याकडूनच ऐकायचं आहे. पण मी बोलत नाही."

फोन आला तेव्हा मुंगी मापांचे ठसे धूत होती. एक दंतवैद्य बाई होत्या, एरवी त्या स्वतःहून फोन करत नसत. त्या नम्रपणे बोलल्या. पुढच्या दाताची एक कॅप हिरडीपाशी बसत नव्हती. रुग्ण शिक्षिका होती, वर्गात दिवसभर तोंड उघडं ठेवून बोलणारी, आणि आता तात्पुरता दात लावून हाताआड बोलत होती. "तुमच्याकडून असं कधी होत नाही, म्हणून विचारलं," बाई म्हणाल्या.

बाबा दारात येऊन उभे होते. मुंगीला ते दिसत होते आणि त्यांना फोनमधला अर्धा संवाद ऐकू येत होता.

"माझी चूक झाली," ती फोनवर म्हणाली. "ती मी केली होती. नवीन करून पाठवते."

तिने फोन ठेवला. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "होतं असं. मन थाऱ्यावर नसलं की होतं. तू झोपत नाहीस नीट, म्हणून." आणि जरा वेळाने, "तुझा गार्ड राहिला बघ माझ्याकडून."

खांद्यावरच्या त्या हातातली थरथर तिला कापडातून कळली होती. शिक्षिकेची कॅप तिने त्या दुपारी केली, आणि ती करताना जिच्या तोंडात ती बसणार होती तिचा विचार पहिल्यांदा फार वेळ केला. वर्षानुवर्षं तोंडं येत होती ती प्लास्टरची. प्लास्टर हाताआड बोलत नाही.

*

बाबांनी गार्ड जुन्या पद्धतीने केला. साच्यावर मेणाचा थर, मेणाच्या जागी प्लास्टिकचा लगदा, गरम पाण्यात शिजवणं, मग घासून आकार आणि पॉलिश. तीन दिवस ते त्याच्यामागे होते. मुंगीने मेण तरी मी करते म्हटलं तर नको म्हणाले. आत्या पॉलिशला मागत होती तर तिलाही दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची लाकडी, हातांच्या जागा झिजून गुळगुळीत झालेली. समोर टेबलावर तिचे वरचे-खालचे दात बिजागरीच्या सांगाड्यात बसवलेले, जबड्यासारखे उघडझाप होणारे. त्यावरून त्यांनी गार्ड उचलला. पारदर्शक, पॉलिशला चांगला, एका कडेला थोडा जाड.

"अथपासून इतिपर्यंत मी केलाय," ते म्हणाले. "मधे कोणाला हात लावू दिला नाही."

हे ते आत्याकडे बघून म्हणाले की आपल्याकडे, ते मुंगीला ठरवता आलं नाही. आत्याने चाक सुरू केलं नव्हतं. भट्टीवाला काही न करता उभा होता.

गार्ड बसवायला थोडा जोर लागला. तिने तोंड मिटलं. उजव्या दाढा टेकल्या आणि डाव्या टेकल्याच नाहीत. जबडा आपोआप डावीकडे सरकून आधार शोधू लागला.

"थांब." बाबांनी निळा कागद तिच्या दातांमध्ये घातला. हा कागद जिथे दात टेकतो तिथे खूण सोडतो. नीट बसलेल्या गार्डवर दोन्ही बाजूंना बारीक निळे ठिपके सारखे पसरतात. "चाव. घास इकडे-तिकडे. काढ."

गार्डवर उजवीकडे एक मोठा निळा डाग होता. डावीकडे काही नव्हतं. तो तिने पाहिला, त्यांनीही पाहिला.

"कसा बसतो?"

"उजवीकडे उंच आहे," ती म्हणाली.

"घासून देतो. हे तर नेहमीचंच." त्यांनी घासायचं मशीन घेतलं आणि टोक डागावर टेकवलं. टोक डागावर राहिलं नाही. ते घसरून बाजूच्या जागेत गेलं, त्यांनी परत आणलं, ते परत गेलं. प्लास्टिकचा पांढरा भुगा त्यांच्या मनगटावर साचला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तसंच घासलं. पुन्हा निळा कागद, पुन्हा चावणं. आता उजवीकडे खड्डा झाला होता आणि डावीकडे पुढच्या दातापाशी नवा डाग उमटला होता.

"आता डावीकडे," ती म्हणाली.

"दिसतंय मला." ते पुन्हा मशीन उचलू लागले, पण उचललं नाही. ते गार्डकडे पाहत होते, आणि मग ते तिच्या टेबलाकडे पाहू लागले. त्या टेबलाचा ड्रॉवर नेहमी बंद असे, कारण त्यात दोन वर्षांच्या कॅप होत्या. "बाकीचे लोकांच्या तोंडात जातात," ते म्हणाले. "मला दिसत नाहीत. हा दिसला."

मुंगी अजून त्यांच्या खुर्चीवर बसली होती आणि ते तिच्यासमोर उभे होते, अवघडलेल्या रुग्णासारखे. लॅबमध्ये कुठलंच यंत्र चालू नव्हतं. आत्याने हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. या वर्षात तिचा संकल्प इतका कठीण कधी गेला नसेल.

मुंगीने त्यांच्या हातातून गार्ड घेतला. तो अजून गरम होता. तिने तो सांगाड्यातल्या आपल्याच दातांवर ठेवला आणि जबडा अलगद बंद केला. डावीकडे टेकला, उजवीकडे फट राहिली, आणि ही फट पाहायला भिंगाची गरज नव्हती. आपल्या जिभेवर अजून निळ्या कागदाची चव आहे हे तिला जाणवलं. तोंड मोकळं होतं.

"बाबा," ती म्हणाली. "या वर्षी मी साखर सोडणार नाही. तुम्ही सांगितलं होतं, तुमचा हात गेला की तोंडावर सांग. हात गेलाय. ती शिक्षिकेची कॅप तुमची होती. उद्यापासून या खुर्चीवर मी बसणार."